जेली पिवळीच राहिली

"उपाशीपोटी बोलवायचं आणि खिडकीखाली कँटीन थाटायचं. ह्याला म्हणतात वैद्यकशास्त्र," तो तिच्या कानाशी पुटपुटला.

खालून कांदा परतल्याचा वास येत होता. बाकावर त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, गुडघ्याला गुडघा लागत होता, त्यामुळे कानातलं बोलणं सगळ्या बाकानं ऐकलं.

"हळू बोला," ती म्हणाली.

"का? ह्यांच्या पोटात काय वेगळे कावळे आहेत?"

शेजारचा जाडा गृहस्थ खुदकन हसला. "माझे तर मघाशीच ओरडून ओरडून दमले," तो म्हणाला, आणि दोघं पुरुष जुनी ओळख असल्यासारखे बोलत बसले. तिच्या नवऱ्याच्या पोटात कावळे ओरडत नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? गेले कित्येक महिने त्याला भूकच नव्हती. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचा. "पोट भरलं," म्हणायचा, जणू कुणाकडे जेवून आलाय. पट्ट्याला त्यानं स्वतःच दुकानातल्या कात्रीच्या टोकानं एक नवं भोक पाडलं होतं आणि मग त्याच्या पलीकडे आणखी एक. आणि आता हा माणूस परक्यांपुढे भुकेचं नाटक करत होता. इतकं झकास की तिलाही क्षणभर खरं वाटलं.

रस्त्याच्या वळणावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. पुढे काउंटरवर तो, मागे कपाटांच्या गल्लीत ती. माल लावणं, संपलेलं मागवणं, मुदत उलटलेलं बाजूला काढणं हे तिचं काम. गिऱ्हाइकं त्याला 'अर्धी गोळी' म्हणत, तोंडावरसुद्धा. कारण डॉक्टरनं काहीही लिहून दिलेलं असो, हा चष्म्यावरून बघत म्हणायचा, "आधी अर्धी घेऊन बघा." स्वभावच तसा. चहा अर्धा कप, राग अर्धा, हसूही अर्धंच, ओठाच्या एका कोपऱ्यात. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, हा माणूस जपून वापरायला ठेवलाय कुणीतरी. पुढे तिला त्याची सवय झाली आणि मग ते आवडायलाही लागलं.

पोटातली आग मात्र अर्धी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत सगळं नीट सांगितलं होतं. वयानं लहान, 'काका-काकू' म्हणणारी, बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत बसणारी पोरगी. पण बोलणं चोख. पोटात दुर्बीण घालून बघायचं. जखम असेल तर चिमट्यानं तिचे बारीक तुकडे घ्यायचे. पोटात एक जातीचे जंतू घर करून राहतात, पुष्कळदा जखमेचं मूळ तेच असतात. एक तुकडा पिवळ्या जेलीत ठेवायचा; जंतू असले तर जेली गुलाबी होते. बाकीचे तुकडे भिंगाखाली बघायला प्रयोगशाळेत.

"मात्र तपासणीच्या आधी दोन आठवडे आम्लपित्ताच्या गोळ्या पूर्ण बंद," असं सांगून त्यांनी बोट वर केलं होतं. "गोळी चालू असली की जंतू दडून बसतात, जेलीला सापडत नाहीत. आणि जखम वरवर भरते. वरून छान दिसते, आत काय चाललंय ते कळत नाही. पण हे मी कुणाला सांगतेय? काका, तुम्ही तर रोज लोकांना हेच सांगत असाल."

"सांगतो ना," तो म्हणाला होता, ओठाच्या कोपऱ्यातून हसत.

तेव्हापासून घरात सगळ्यांचा जीव त्या जंतूंवर जडला. माणसं घरात जंतू नकोत म्हणून फिनेल ओततात; ह्यांच्या घरी जंतू निघू देत म्हणून नवस बोलायचं तेवढं बाकी होतं. दोन आठवडे औषधं, जंतू खलास, विषय संपला. त्याची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, ती तर रोज फोनवर विचारायची, "जंतूच असतील ना गं? भलतंसलतं काही नसेल ना?"

भलतंसलतं. तसलं काही. ते. ह्या घरात त्या एका शब्दाला एवढी टोपणनावं पडली होती की खरं नाव घ्यायची वेळच येत नव्हती.

"जंतू निघाले म्हणजे सोन्याहून पिवळं!" ताई म्हणाली होती.

"पिवळं नको, ताई," ती म्हणाली होती. "गुलाबी हवंय."

त्यावर दोघी हसल्या होत्या. जरा जास्तच.

आतून सिस्टर आली आणि त्याचं नाव पुकारलं. मग तिथंच, बाकासमोर उभं राहून, तिनं विचारायचं ते विचारलं. रात्रीपासून काही खाल्लंय? नाही. दात कवळीचे आहेत का? नाही. कुठल्या औषधाची ॲलर्जी? नाही.

"गेल्या दोन आठवड्यांत पित्ताच्या गोळ्या घेतल्यात?"

"नाही," तो म्हणाला.

सिस्टरनं पाहिलं तिच्याकडे. कामाची बाई होती. नवऱ्यांची उत्तरं बायकांकडून तपासून घ्यायची तिला सवय असावी. "काय हो, घरी काही घेतात का?"

चारच दिवसांपूर्वी कपडे भिजवताना त्याच्या पँटच्या खिशात तिला चंदेरी कागदाचा एक तुकडा सापडला होता. एका गोळीपुरता कापलेला, रिकामा, आणि चारही कोपरे कात्रीनं गोल केलेले. जगात एवढी निगा राखणारा एकच माणूस तिला माहीत होता. गिऱ्हाइकाला सुटी गोळी देताना तो कोपरे गोल करून देई, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून. स्वतःसाठी चोरून घेतानासुद्धा त्याच्या हातानं तेच केलं होतं.

"अहो, तेच केमिस्ट," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

सिस्टर हसली. तोही हसला. जाडा गृहस्थ म्हणाला, "डॉक्टरांपेक्षा केमिस्टलाच जास्त कळतं हो." आणि पडद्याआड गेला तिचा नवरा.

मग डॉक्टरीणबाईंनी तिलाही आत बोलावलं. "या काकू, घाबरू नका. लांबून बघा."

खोलीत अंधार केलेला होता. तो डाव्या कुशीवर, तोंडात प्लॅस्टिकची कडी, तिच्यातून काळी नळी आत गेलेली. घशाला फवारा मारून बधिर केलेलं, पण माणूस जागा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मधूनच सगळं अंग उबळीनं आकसत होतं. तिला वाटलं, जाऊन पाठीवर हात ठेवावा. पण सिस्टरनं आधीच ठेवला होता.

पडद्यावर एक ओली गुलाबी गुहा होती. भिंतींना वळ्या, वळ्यांवर चमक. इतक्या वर्षांचा संसार, आणि हा भाग तिनं कधी पाहिला नव्हता. गुहेच्या वळणावर एक पांढुरका खड्डा होता, नाण्याएवढा दिसणारा.

"ही बघा जखम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी नळी थोडी फिरवली. पुन्हा फिरवली. "गंमत आहे. कडेनं नवी कातडी आलीय. भरतेय ही. औषध नसताना एवढी छान?"

हे त्या स्वतःशीच बोलल्या असतील. पण त्यानं ऐकलं. कडी तोंडात असताना मान हलवता येत नाही. त्यानं फक्त डोळे फिरवले आणि अंधारात तिला शोधलं. डबडबलेले, लाल डोळे. इतकी वर्षं त्या डोळ्यांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागणं म्हणजे पुरतं मागणं, आणि ते त्याच्या स्वभावात नव्हतं. आता मागत होते.

तिनं पडद्यावरच्या खड्ड्याकडे नजर वळवली.

नळीच्या टोकातून चिमणीच्या चोचीसारखा चिमटा बाहेर आला. जखमेच्या कडेला चोच उघडली, मिटली, ओढली. रक्ताची एक बारीक रेघ. पुन्हा. पुन्हा. मग पोटाच्या खालच्या भागातून, मग वरच्या. बाहेर आलेले तुकडे तिळाहून लहान होते. सिस्टर ते सुईच्या टोकानं बाटल्यांत सोडत होती. शेवटचा तुकडा तिनं एका पत्त्याएवढ्या कार्डावरच्या खळग्यात दाबला. खळग्यात जेली होती. लिंबाच्या सालीसारखी पिवळीधमक.

"आता वाट बघायची," सिस्टर म्हणाली.

ते कार्ड बाहेरच्या टेबलावर, काचेखाली ठेवलं होतं. बाकावर बसून दिसायचं. तोंड पुसून, शर्ट खोचून तो तिच्याशेजारी येऊन बसला, आणि दोघं त्या खळग्याकडे बघत राहिली. दूध उतू जाईल म्हणून लक्ष ठेवावं तसं. कँटीनमधल्या वासाबद्दल आता तो चकार शब्द बोलला नाही.

बऱ्याच वेळानं बसक्या आवाजात म्हणाला, "कडेला जरा गुलाबी झाक आलीय, नाही?"

तिनं वाकून पाहिलं. "सिस्टरच्या ओढणीची पडलीय."

सिस्टर उठून गेली. झाकही गेली.

ताईचा फोन आला. तिनं उचलला आणि "अजून नाही," एवढंच म्हणाली. पलीकडे ताई काहीतरी बोलत होती. ती त्याच्याकडे बघत होती. कॉलरमध्ये मान अशी दिसत होती, जशी मोठ्या भावाचा शर्ट घातलेल्या पोराची. त्याला माहीत होतं. जेली गुलाबी का होत नाही, हे त्या इमारतीत कुणाला माहीत असेल तर ते त्याला होतं. आणि तरी तो आशेनं बघत होता. ह्याचंच तिला भय वाटलं. खोटं बोलणारा माणूस समजून घेता येतो. पण स्वतःच बंद केलेल्या दारावर स्वतःच थाप मारत बसलेल्याचं काय करायचं?

"उद्यापर्यंत ठेवू तसं," सिस्टर शेवटी म्हणाली. "पण नाही होणार आता. पिवळीच राहिली."

"जंतू नाहीत तर नाहीत," तो रस्त्यावर आल्यावर म्हणाला. "चांगलंच आहे की."

चांगलं कसं, हे तिनं विचारलं नाही.

बाटल्यांतल्या तुकड्यांचा रिपोर्ट यायचा होता. तोवर दुकान चालूच. एका दुपारी एक बाई आल्या, नेहमीच्या. छातीत जळजळ होते, त्याच गोळ्या द्या म्हणाल्या. ती मागे शिडीवर होती, सर्दीच्या बाटल्या लावत.

"किती दिवस घेताय?" त्याचा आवाज आला.

"झाले की बरेच. बरं वाटतं हो. घेतली की दिवस निभतो."

"तेच तर वाईट," तो म्हणाला. "दुखणं झाकलं जातं, मावशी. झाकलं म्हणजे गेलं नव्हे. डॉक्टरला दाखवा. दुर्बीण घालून घ्या एकदा. मी आता गोळ्या देणार नाही."

"अर्धी पण नाही?" बाई हसून म्हणाल्या.

"अर्धी पण नाही."

बाई कुरकुरत गेल्या. शिडीवर ती तशीच उभी राहिली, हातात बाटली. किती बरोबर बोलला. किती नेमकं. तिला वाटलं, आता खाली उतरावं, त्याच्यासमोर उभं राहावं, आणि हेच शब्द जसेच्या तसे त्याला ऐकवावेत.

तेवढ्यात पुढून खोका सरकल्याचा आवाज आला. मग कात्रीचा. एक लांब काप, आणि मग चार छोटे, टिक टिक टिक टिक.

ती खाली उतरून पुढे आली तेव्हा काउंटरपलीकडे कुणी नव्हतं. रस्ता उन्हात रिकामा पडला होता. त्याच्या एका हातात पाण्याचा पेला होता, दुसरी मूठ मिटलेली. दुसऱ्या हाताचं कोपर त्यानं पोटावर गच्च दाबलं होतं, आणि ओठ पांढरे झाले होते. इतकं दुखतं? तिनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्यासमोर असं कधी दिसू देत नसे.

त्यानं मान वर केली.

"गिऱ्हाइकासाठी," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि मागे गेली. शिडीवर चढली. बाटल्या लावल्या. सगळ्या उलट्या, लेबलं भिंतीकडे, हे तिला दुसऱ्या दिवशी दिसलं.

रिपोर्टच्या दिवशी ताई बरोबर आली. येताना रस्ताभर शेजाऱ्यांच्या भांडणाच्या गोष्टी सांगून तिनं भावाला दोनदा हसवलं. डॉक्टरांच्या दाराबाहेर मात्र, तो पाणी प्यायला गेला तेव्हा, वहिनीचा दंड धरून हळूच म्हणाली, "घेतो ना गं तो गोळ्या अजून? परवा मी आले होते ना, तेव्हा दिसलं. चहाच्या कपाआड."

म्हणजे हिलाही माहीत होतं.

"घेतात."

"राहू दे," ताई म्हणाली. "बरं वाटतं ना त्याला, वाटू दे. आपण कशाला उगाच तोंड उघडायचं? बोललं की खरं होतं." आणि तो येताना दिसल्यावर मोठ्यानं, "काय रे, विहीर खोदून पाणी आणलंस का?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट आधीच वाचलेला होता. चेहरा बरा दिसत होता. पेनाचं टोपण काढत-घालत त्या म्हणाल्या, "काका, बातमी बरी आहे. जंतू भिंगाखालीही दिसले नाहीत. वाईट पेशीही कुठे नाहीत. सूज आहे, आणि जखम भरत आलेली आहे."

ताईनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"आता असं करू. गोळ्या आता सुरू करा, खुशाल. दोन-तीन महिने घ्या, मग पुन्हा एकदा दुर्बीण. मध्ये घाई करायचं कारण दिसत नाही." टोपण पेनावर तसंच राहिलं. "फक्त एक कोडं मला सुटत नाही. जंतू नाहीत, वेदनाशामक गोळ्या तुम्ही घेत नाही, मग जखम झाली कशी? आणि औषधाविना भरतेय कशी? एखादा गोळ्या घेत असता ना, तर ह्या सगळ्या रिपोर्टवर मी अजिबात विसंबले नसते. म्हटलं असतं, लगेच बंद करा आणि पुन्हा तुकडे घेऊ, जास्त घेऊ, खोलवरून घेऊ. पण तुमच्या बंदच होत्या ना?"

"बंद होत्या," तो म्हणाला.

"केमिस्टच आहे तो," ताई घाईनं म्हणाली. "त्याला काय सांगायला लागतं होय?"

सगळे हसले. डॉक्टरीणबाईंनी लिहायला घेतलं. त्याचा चेहरा असा सैल झाला, जसा शिक्षा माफ झालेल्या माणसाचा होतो. आता गोळ्या चोरून घ्यायला नकोत. आता त्या लिहून मिळणार, उजळ माथ्यानं, आणि अख्ख्या. तो उठायला लागला. टेबलाच्या कडेला धरून, जपून, मध्येच क्षणभर थांबून. हात पोटाकडे निघाला होता. त्यानं तो वळवून शर्टाच्या बटणावर नेला. बटण लावलेलंच होतं.

दोन-तीन महिने. पट्ट्याला आणखी किती भोकं?

"चल गं," तो म्हणाला.

ती बसून राहिली.

"अगं, चल ना."

"बंद नव्हत्या," ती म्हणाली.

पेन थांबलं. ताई पुटपुटली, "वहिनी!"

"एक दिवसही बंद नव्हत्या. तपासणीच्या सकाळीही घेतली असेल." तिचा आवाज तिलाच परका वाटत होता, पण तो थांबत नव्हता. "सिस्टरनं मला विचारलं होतं, मी उडवून लावलं. घेतात ते. दिवसातून कितीदा, मला माहीत नाही. माझ्यासमोर घेत नाहीत. घेतली नाही तर उभं राहता येत नाही त्यांना. जेवत नाहीत. मला तीन महिने थांबायचं नाही, डॉक्टर."

"गप गं," तो म्हणाला. पण त्यातही जोर अर्धाच होता.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं पान फाडलं, हळूच, मधोमध. मग त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. त्या क्षणी त्या लहान वाटल्या नाहीत.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला तर सगळं माहीत होतं. गोळी घेतली तर तपासणी फुकट जाते, हे माहीत होतं. मग?"

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. ताईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं आणि मान हलवत होती, नको, नको, नको.

तो खाली बसला. खुर्चीत पुरता, पाठ टेकून, जसा तो दुकानात कधी बसत नसे. चष्मा काढला. तिच्याकडे पाहिलं नाही, ताईकडेही नाही.

"मी काउंटरवर बसून पुष्कळ बघितलेत," तो म्हणाला. "आधी स्वतः येतात, गोळ्या नेतात. मग जास्त नेतात. मग यायचे बंद होतात, आणि घरची माणसं येतात, वेगळीच औषधं न्यायला. मी काही विचारत नाही. काढून देतो."

त्यानं चष्मा पुन्हा लावला.

"मला कॅन्सर झालाय, डॉक्टर. तो तुम्हाला सापडू नये म्हणून घेत होतो."